डॉक्टरच्या चाकामागे

"खड्डा!" असं ती कधी ओरडायची नाही. डावा हात हँडलवरून सोडून मागे कमरेपाशी आणायची आणि एक बोट जमिनीकडे करायची. बोट दोनदा हललं की खड्डा मोठा. पंजा पसरून झुलवला की रस्त्यावर खडी किंवा काच. मग हात परत हँडलवर. मान वळवणं नाही, वेग कमी करणं नाही, मागची बाई तरली की पडली हे बघणं नाही.

मागची बाई म्हणजे मी.

दोन सायकली एकामागे एक चालल्या, की पुढचीने रस्ता बघायचा आणि मागचीने पुढचीला बघायचं, असा साधा नियम आहे. पुढची वारा कापते. मागचीने तिच्या चाकाशी हातभर अंतरावर चिकटून राहायचं, म्हणजे तोच वेग तिला निम्म्या कष्टात मिळतो. त्या बदल्यात तिला रस्ता दिसत नाही. दिसते ती समोरची पाठ, आणि मधूनमधून मागे येणारा तो हात. त्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, नाहीतर दात तरी पडतात नाहीतर मनगट तरी मोडतं.

तेव्हा तिच्या चेहऱ्याचं वर्णन करायला सांगाल तर मी जरा अडखळेन. पाठ मात्र तोंडपाठ आहे. डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली. मानेवर, हेल्मेटच्या पट्ट्याखाली, एक तीळ. जांभळ्या टी-शर्टाचा रंग पाठीवर उडून फिका झालेला. वेणी टी-शर्टाच्या आत खोचलेली, ती चढावर हमखास बाहेर यायची आणि माझ्याकडे बघून डावी-उजवी हलायची. वेणीला चिडवता येत असतं तर तिने असंच चिडवलं असतं.

ती आमच्या गुडगावच्या सोसायटीतली दातांची डॉक्टर. सोसायटीच्या छोट्या बाजारात, बेकरी आणि ड्रायक्लीनर यांच्यामध्ये तिचा दवाखाना होता. सगळे तिला डॉक्टर म्हणायचे, मीही म्हणायचे. ती मला म्हणायची 'पुणेकर'. माझं नाव तिला नक्की माहीत होतं, माझ्या एक्स-रेच्या पाकिटावर तिनेच लिहिलं होतं. पण पहिल्या भेटीत मी काहीतरी "आमच्या पुण्यात" असं बोलले असणार, आणि ते तिने पुढे कधी सोडलं नाही.

ती जन्माने दिल्लीची. वडील कुठल्याशा मंत्रालयात होते, बालपण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं, शाळा पहाडगंजची, मराठी माध्यमाची. त्यामुळे लिहायला बसली तर अक्षर मोत्यासारखं आणि वाक्य शुद्ध. बोलायला लागली की मात्र "यार पुणेकर, पुढे मस्त ढलान आहे, बिल्कुल ब्रेक नको लावू." उताराला उतार म्हणतात हे मी तिला कितीतरी वेळा सांगितलं. "अच्छा, उतार," ती म्हणायची आणि ढलानवरून निघून जायची.

आणि आता खरी गोष्ट सांगते. ही बाई चाळिशी उलटल्यावर सायकल शिकली होती.

माझं काय होतं ते ऐका. मी पुण्याची. शाळेला सायकल, कॉलेजला सायकल, भाजीला, क्लासला, मैत्रिणीला मागे बसवून सिनेमाला सायकल. पुलावरच्या चढाला मी कधी खाली उतरले नाही. पुढे लग्न झालं, दिल्लीला आले, सायकल सुटली. मग परदेशी भागीदार मिळाले तशी आमच्या कंपनीने कॅनॉट प्लेसची जुनी जागा सोडली आणि काचेच्या इमारतीत गुडगावला आली. आम्हीही मागोमाग आलो. त्या वेळी आमच्या बाल्कनीतून मोहरीची शेतं दिसायची आणि शेतांच्या मधोमध सहापदरी रस्ता. घरं नव्हती, माणसं नव्हती, रस्ता तयार. मग मॉल आले, आणि मॉलमध्ये गिअरच्या परदेशी सायकलींचं दुकान आलं. मी एक घेतली. इतक्या वर्षांनी पाय टाकला तर पाय विसरलेले नव्हते. मला वाटलं, चला, या शहरात एक तरी गोष्ट आपली आहे.

सोसायटीत एक निवृत्त कर्नलसाहेब होते. त्यांनी रविवारचा सायकल-गट काढला. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, "टाइम मतलब टाइम." उजाडताना फाटकाशी जमायचं, फरिदाबादच्या रस्त्याने अरवलीच्या टेकड्यांतून जायचं आणि ऊन चढायच्या आत परत. त्या गटात बायका चार-पाच. पहिला हिवाळाभर बायकांत पहिली मी. कोणी तसं मोजत नव्हतं, असं सगळे म्हणायचे. मी मोजत होते.

त्याच हिवाळ्यात डॉक्टर आमच्या मागच्या, अजून न उघडलेल्या रस्त्यावर सायकल शिकत होती. कर्नलसाहेब सीट धरून मागे पळायचे. एकदा तिने त्यांना आणि सायकलला घेऊन एका कोरड्या नाल्यात उडी मारली होती, हे मी स्वतः बाल्कनीतून पाहिलं. हसलेही.

होळीच्या सुमारास ती गटात आली. त्यानंतर काही रविवार गेले असतील नसतील, मी टेकडीचा चढ चढत होते, पुढे कोणी नाही, आणि मागून अगदी सभ्य आवाज आला.

"पुणेकर, उजवीकडून येते हं."

आली. गेली. वेणी बाहेर.

तुम्ही कधी कोणावर जळला असाल तर तुम्हाला माहीत असेल, त्याला कारण लागतं. माझं काम खरेदी विभागातलं. दोन पुरवठादार समोर ठेवायचे आणि एक दुसऱ्यापेक्षा का चांगला हे शोधून काढायचं, यात माझी उमर गेली. तशी मी तिची तपासणी केली. सायकल? तिची भाच्याने वापरून टाकलेली, रंगाचे टवके गेलेली. माझी दुकानातून नवी. खाणं? मी डब्यातली पावडर दुधातून घेत होते. ती रात्रीची उरलेली पोळी गुळाबरोबर खाऊन यायची, आणि अर्धी पोळी कागदात गुंडाळून खिशात. वजन? तिचंच जास्त. सराव? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून उभी. सगळ्या बाबतींत माझी बाजू वरचढ, आणि माल मात्र तिचा चांगला. असा निकाल आला की खरेदी विभागातल्या माणसाला झोप लागत नाही.

घरी आले की नवरा वर्तमानपत्रातून विचारायचा, "डॉक्टर आज पहिली?"

"हो."

"वा! आणि तू?"

"चहा हवाय की नको?"

तिला दोष नव्हते असं समजू नका. होते, आणि मी ते नीट लक्षात ठेवले होते. माझी पंक्चरची पेटी नेली ती मी मागेपर्यंत दिली नाही. चढावर जुनी हिंदी गाणी म्हणायची, आणि एकही सुरात नाही. लोकांच्या दातांबद्दल न विचारता बोलायची. तंबाखूचा पाइप ओढणाऱ्या कर्नलसाहेबांना एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "साहब, पाइप छोड़िए, नहीं तो नीचे के चारों गए समझिए." कर्नलसाहेब शिट्टी वाजवायची विसरले. आणि आपल्याला हारजितीचं काही नाही असं दाखवायची, ते तर साफ खोटं. एकदा कॉलेजातली दोन पोरं हसत हसत आमच्या पुढे गेली. डॉक्टरच्या सायकलचा गिअर बदलल्याचा 'खट्' असा आवाज आला, आणि पुढच्या वळणापर्यंत ती पोरंही मागे आणि मीही मागे.

उन्हाळ्याच्या तोंडाला पश्चिमेचा वारा सुटला की परतीचा रस्ता जीव काढतो. समोरून गरम हवा, डोळ्यांत राजस्थानची माती. अशा वेळी पाळीपाळीने पुढे जायचं असतं. थोडा वेळ तू, थोडा वेळ मी. माझी पाळी आली की मी बाजूला सरकायचे, आणि ती म्हणायची, "राहू दे, हवा मी घेते. तू मागे आराम से बस."

आराम से बस! म्हणजे उपकार घ्या वर. मी दोन-तीनदा हट्टाने पुढे गेले. थोड्या वेळाने मागून आवाज यायचा, "बाबा रे, फार छान. आता ये मागे." लहान मूल पहिल्यांदा पोळी लाटतं तेव्हा आपण म्हणतो ना, तसं. मग मी परत तिच्या मागे. तीळ, जांभळा टी-शर्ट, बोट जमिनीकडे, खड्डा.

मला एकदा, फक्त एकदा, तिच्या पुढे जायचं होतं. बाकी काही नको होतं.

तशात कर्नलसाहेबांनी शर्यत जाहीर केली. आसपासच्या सोसायट्या मिळून, थंडी सरता सरता, नव्या सेक्टरांच्या रिकाम्या रस्त्यांवर. तिकडे तेव्हा क्रेन, अर्धवट टॉवर आणि म्हशी यांच्याखेरीज काही नव्हतं. तरुणांचा गट, ज्येष्ठांचा गट आणि 'चाळिशीपुढच्या महिला' असा एक गट. हसू नका. मी त्या गटासाठी सकाळी ऑफिसला जायच्या आधी एकटी सराव करत होते, आणि हे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. जिमला जाते म्हणायचे.

आणि शर्यतीला काही दिवस राहिलेले असताना माझी दाढ ठणकायला लागली.

दिल्लीत दातांचे डॉक्टर शेकड्यांनी असतील. सोसायटीत एकच. दोन दिवस लवंग चावून काढले, तिसऱ्या दिवशी गेले.

"ये पुणेकर. तोंड उघड. आणखी. अरे, भाषण करताना तर एवढं मोठं उघडतेस."

तोंडात आरसा, गळ्यात फडका, वरून दिवा. तिच्या हातात ते फिरणारं यंत्र, आणि तोंडावर मास्क. प्रतिस्पर्ध्यासमोर इतकं असहाय कोणी झालं असेल असं मला वाटत नाही.

"किती दिवस दुखतंय?"

"आं... ओन..."

"दोन नाही, आठ तरी झाले असणार. आत पस आहे. आज उघडून देते, बाकीचं रेसनंतर. आणि ऐक, दोन-तीन दिवस सायकल बंद."

मी फडका काढून सरळ उठून बसले. "बंद?"

"बिल्कुल बंद. रक्ताचा दाब वाढला की सूज येईल. रेसपर्यंत ठीक होशील, आराम कर फक्त."

आता तुम्हीच सांगा. शर्यत तोंडावर आलेली, आणि जिला हरवायचं तीच म्हणते आराम कर. मी मनात म्हटलं, वा डॉक्टर, हे बरंय. दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल काढली आणि टेकडीपर्यंत जाऊन आले. संध्याकाळी गाल असा सुजला की ऑफिसच्या रखवालदाराने माझं ओळखपत्र दोनदा पाहिलं. डॉक्टरने औषध लिहून दिलं. फक्त म्हणाली, "टेकडीवर हवा कशी होती?"

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. "पुणेकर, चल, रस्ता बघून येऊ. शेवटचं वळण मी पाहिलं नाहीये. हळूहळू जाऊ, गप्पा मारत."

गप्पा मारत! आदल्या दिवशी पाय दमवायचे कोणाचे, हे मला कळत नाही असं तिला वाटलं की काय? मी म्हटलं, घरी पाहुणे आहेत. पाहुणे नव्हते. मी सोफ्यावर पाय वर करून बसले आणि माझ्या हुशारीवर खूश झाले.

सकाळी धुकं उतरलं तेव्हा आम्ही सुरुवातीच्या रेषेवर. ही रेषा चुन्याची, कर्नलसाहेबांच्या माळ्याने पाडलेली. शेवटही तशाच पांढऱ्या रेषेवर, असं त्यांनी शिट्टी वाजवून सांगितलं. आमच्या गटात सात-आठ बायका. दोघीतिघी फोटोपुरत्या आल्या होत्या, त्या पहिल्या वळणाला आनंदाने मागे राहिल्या. नोएडाहून खास शर्यतीसाठी आलेली एक उंच बाई बराच वेळ आमच्याबरोबर होती, मग तिची चेन उतरली. राहिलो आम्ही दोघी.

माझा बेत ठरलेला होता. पूर्ण वेळ तिच्या चाकामागे राहायचं. परतीला वारा समोरून असणार, तो तिला खाऊ द्यायचा. शेवटच्या वळणानंतर बाहेर निघून पुढे जायचं. यात गैर काही नाही, सायकलच्या शर्यती अशाच जिंकतात. आणि गंमत म्हणजे त्या दिवशीही ती म्हणालीच, मान न वळवता, "हवा मी घेते."

घे, म्हटलं. आज सगळी घे.

ती घेत होती आणि मी मागे राहून वाचवत होते. नव्या रस्त्यांवर बांधकामाच्या ट्रकांनी खड्डे केलेले. तिचा हात मागे यायचा, बोट खाली, मी डावीकडे. पंजा झुलायचा, मी उजवीकडे. एकही चुकला नाही. शर्यत होती, मी तिला हरवायला निघाले होते, हे तिला माहीत नव्हतं असं मुळीच नाही, तरी एक खड्डासुद्धा तिने माझ्यासाठी ठेवला नाही. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही. वाटलं, सवय.

शेवटचं वळण घेतलं. समोर सरळ रस्ता, पुढे एका बाजूला पाण्याचा टँकर उभा, आणि टँकरच्या अलीकडे, रस्ताभर आडवी, ठसठशीत पांढरी रेषा. दुभाजकावर दहा-बारा पोरं बसलेली.

मी बाहेर निघाले. सगळा वाचवलेला जीव पायांत ओतला. तिचा खांदा माझ्या बरोबरीला आला, मग मागे गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर तिची पाठ नव्हती. नुसता रस्ता होता. इतका रुंद रस्ता मी त्या शहरात कधी पाहिला नव्हता.

मागून ती ओरडली, "अजून आहे! पुणेकर, अजून आहे!"

एरवी न ओरडणारी बाई. मी काय समजले असेन? मला वाटलं, रेषेपाशी मला बिचकवायला बघते. आराम कर म्हणाली, रस्ता बघायला चल म्हणाली, आता म्हणते अजून आहे. मी रेषा ओलांडली, दोन्ही हात सोडून आकाशाकडे केले, आणि तोंड होतं तेवढं उघडून ओरडले. दुभाजकावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने शिट्टीही मारली. मी पायडल थांबवलं.

ती माझ्या बाजूने गेली. डोकं खाली, पाय चालूच. पुढे गेल्यावर डावा हात मागे आला. बोट जमिनीकडे नव्हतं. सगळा पंजा "ये, ये" असा हलत होता. मग ती टँकरच्या पलीकडे दिसेनाशी झाली, आणि तिकडून कर्नलसाहेबांची शिट्टी, ढोल आणि टाळ्या ऐकू आल्या.

ती रेषा आमची नव्हती. जवळच्या गावातली पोरं फौजेच्या भरतीसाठी रोज त्या रस्त्यावर पळायची. त्यांनी त्यांच्या पळण्यासाठी चुना टाकून ती आखली होती. आदल्या संध्याकाळी डॉक्टर एकटीच रस्ता बघायला गेली, तेव्हा तिने त्यांना पळताना पाहिलं होतं.

मी दुसरी आले. नोएडाच्या बाईने चेन चढवली होती, तीही टँकरपाशी मला गाठत होती. थोडक्यात वाचले.

मागे शामियान्यात छोले-कुलचे होते. डॉक्टर दोन प्लेटी घेऊन आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

"आधी सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"ओरडले की!"

"त्याच्या आधी."

"काल चल म्हटलं होतं. तुझे पाहुणे होते ना?"

मी कुलचा तोडत राहिले. उजव्या बाजूने चावता येत नव्हतं.

"पण एक आहे हं," ती म्हणाली. "सांगितलं, पण थांबले नाही मी. रेस होती, यार. तू पुढे गेलीस तेव्हा माझा जीवच गेला. म्हटलं, गेली ही बया." आणि हसत सुटली. तोंडात कुलचा असताना हसू नये हे डॉक्टरला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी घरी येताना मला काय वाटलं ते सांगते. तिने मला फसवलं असतं तर किती बरं झालं असतं! एक खड्डा लपवला असता, ती रेषा बघून गप्प बसली असती, तर मी आयुष्यभर तिच्या नावाने बोटं मोडली असती आणि सुखात राहिले असते. तिने एवढीही सोय ठेवली नाही. नियमाप्रमाणे सगळं दाखवलं, नियमाप्रमाणे सांगितलं आणि नियमाप्रमाणे जिंकली. अशा माणसाचं काय करायचं?

आणि फोटोचं राहिलंच. आमचे एक शेजारी चेहरे चांगले येतात म्हणून त्या टँकरपाशी मोठी लेन्स लावून उभे होते. फोटोत मी आहे, दोन्ही हात वर, तोंड घशापर्यंत उघडं, आणि मागे धूसर अशी, डोकं खाली घातलेली डॉक्टर. फोटो सोसायटीच्या फळ्यावर लागला. लिफ्टमध्ये लोक अभिनंदन करायला लागले. पहिल्या दोघांना मी खरं काय ते सांगितलं. नंतर "थँक्यू" म्हणायला लागले. वेळ कमी लागतो.

फळ्यावरून तो एक दिवस नाहीसा झाला. पुढे दाढेचं उरलेलं काम करायला गेले, तर दवाखान्यात खुर्चीच्या अगदी समोर, फ्रेममध्ये.

"हे काय?"

"पेशंट तोंड नीट उघडत नाहीत," ती हातमोजे चढवत म्हणाली. "मी दाखवते, ऐसे. इनके जैसा. बिल्कुल शिकतात लगेच. चल, तू पण उघड. फोटोसारखं."

दुसऱ्या वर्षीच्या शर्यतीसाठी मी पुन्हा सराव सुरू केला. या वेळी नवऱ्याला सांगून. रस्ता आदल्या दिवशी बघायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं, तिच्याबरोबरच बघायचा. तोच एक दिवस डॉक्टर फाटकाशी म्हणाली, "पुणेकर, मी चालले."

"कुठे?"

"तुझ्या पुण्याला."

मुलाला तिकडे नोकरी लागली होती, नवरा निवृत्त झाला होता, घर घेतलं होतं. तिने हे सगळं नेहमीच्याच आवाजात सांगितलं. मी म्हटलं, तिथे थंडी नसते, वारा फार नसतो, मजा नाही. "अच्छा?" ती म्हणाली.

सामानाचा ट्रक आला त्या दिवशी मी ऑफिसला होते. खरं तर रजा टाकता आली असती.

तेव्हापासून फोन येतात. "यार पुणेकर, तू कधी बोललीच नाहीस, इथे काय चढाई आहे! सिंहगडाच्या घाटात गेले होते आज. खाली धरण, वर ढग. आणि ढलान तर काय सांगू!" मी ऐकते. उतार म्हणायचं मनात येतं, म्हणत नाही. ज्या रस्त्यावर मी शाळेच्या सहलीला सायकलवर गेले, जिथे उतारावर माझी रिबन उडाली, तिथे ही सरोजिनी नगरची बाई तिची ती वेणी हलवत फिरते. आणि तिकडच्या गटात म्हणे तिला 'दिल्लीवाली' म्हणतात. नवा दवाखाना कुठल्याशा पेठेत आहे. फ्रेम बरोबर नेली आहे. म्हणजे माझ्याच गावातली अनोळखी माणसं रोज खुर्चीत आडवी होऊन माझं उघडं तोंड बघतात आणि तसं उघडायला शिकतात. पुण्यात माझी एवढी कीर्ती आधी कधी नव्हती.

ती गेल्यानंतरची शर्यत मी जिंकले. नोएडाची बाई दुसरी. नवऱ्याने विचारलं, "पहिली?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "वा!" आणि पुढे काही विचारण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने पान उलटलं. मीच चहा टाकला.

अजून रविवारी जाते. कर्नलसाहेबांचे गुडघे गेले, गट मोडला. त्यांचे दात मात्र शाबूत आहेत, पाइप सोडला आहे. मोहरीची शेतं संपली, टॉवरांत माणसं राहायला आली, पण टेकडीच्या रस्त्यावर दगडखाणीपाशी एक जुना खड्डा आहे, तो कोणी भरत नाही. मागच्या रविवारी परत येत होते. वारा समोरून, चांगलाच. खाण आली. मी काही विचार केला नव्हता, पण डावा हात हँडलवरून सुटला, मागे कमरेपाशी आला आणि बोट जमिनीकडे झालं. दोनदा हललं.

हात परत हँडलवर ठेवला. मागे कोणी नव्हतं. पुढेही कोणी नव्हतं. सगळी हवा माझ्या एकटीची.